झाडीपट्टीची रंगभूमि आणि उसनवारी

चंद्रपूर, गडचिरोली आणि शेजारच्या भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत धान घरांत आलें, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हें त्याचें केंद्र. रात्रीं उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाहीं, आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक जागचा हालत नाहीं. श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तो या रंगभूमीचाच सन्मान होय.

या रंगभूमीवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, तो उसनवारीचा. गाजलेल्या चित्रपटाचें कथानक किंवा नामांकित नाटकांतील प्रसंग येथें नवा वेष घालून येतात, असें म्हणतात. पण उसनवारी सारी एका जातीची नसते. 'हम हिंदुस्तानी' हें आपलें नाटक 'न्यू दिल्ली' या चित्रपटानें लुबाडलें, अशी फिर्याद आर. जी. आनंद यांनीं केली होती. त्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं निकाल दिला कीं, स्वामित्व कल्पनेवर नसतें, तिच्या मांडणीवर असतें. तेव्हां विषय घेणें हा अपराध नव्हे. संवाद आणि प्रसंगांची गुंफण जशीच्या तशी उचलणें हा अपराध होय.

'जुनें तें सर्वांचें' ही समजूतही फसवी आहे. देवल १९१६ सालीं व गडकरी १९१९ सालीं वारले; त्यांचीं नाटकें आज कोणींही करावींत. परंतु लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें हक्क टिकतो. अत्रे १९६९ सालीं गेले. म्हणून त्यांचीं नाटकें २०२९ अखेरपर्यंत बांधलेलीं आहेत. हौशी मंडळानें फुकट किंवा धर्मसंस्थेच्या साह्यार्थ केलेल्या प्रयोगास १९५७ च्या कायद्यानें सूट दिली आहे खरी. पण बिदागी घेऊन तिकिटाचा खेळ करणाऱ्या कंपनीस त्या छत्राखालीं कसें उभें राहतां येईल?

हा प्रश्न जंगलापुरता नाहीं. एका चाहत्यानें जवळजवळ दहा वर्षें खपून 'मेट्रॉइड' मालिकेंतील एक जुना व्हिडिओ गेम नव्यानें घडविला आणि २०१६ सालीं फुकट वाटला. निन्टेन्डो कंपनीनें त्याचें वितरण तत्काळ थांबविलें. उलट सेगा कंपनीनें आपल्या चाहत्यांसच हाताशीं धरून २०१७ सालीं 'सॉनिक मेनिया' काढला. प्रेम दोन्हीकडे सारखेंच होतें; अंतर पडलें तें मालकाच्या संमतीनें.

ही संमति मागण्यांत झाडीपट्टीचा स्वतःचाच लाभ आहे. येथील लेखक स्वतंत्र नाटकें लिहितात. लिहितांक्षणींच त्यांवर त्यांचा हक्क उत्पन्न होतो, नोंदणीची अट नाहीं. पण प्रयोगाचा परवाना लेखी असावा लागतो, आणि तोंडच्या शब्दावर चालणाऱ्या व्यवहारांत लेखक उघडा पडतो. प्रेक्षकांतील कोणी सबंध नाटक मोबाइलवर टिपून फुकट पसरविलें, तर कोणत्या तोंडानें तक्रार करावयाची? दुसऱ्याच्या संहितेचा मान राखणारासच आपल्या संहितेचा मान मागतां येतो.

कायद्यापलीकडेही एक गोष्ट उरते. उसन्या नाटकांत झाडीबोलीचा ठसका नसतो, दंडारीचा ठेका नसतो, धानाच्या बांधावरचें भांडण नसतें. तीं ज्यांत आहेत, त्या नाटकाला कोणाचीही परवानगी लागत नाहीं. आणि तसें नाटक दुसऱ्या कोणाला लिहितांही येणार नाहीं.