राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतींतील एक चित्र व त्याचा अन्वयार्थ

भारतीय राज्यघटनेची इंग्रजी हस्तलिखित प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं लिहिली. चित्रें नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यमंडळीचीं. तिच्या छापील प्रतिकृति देहरादून येथें निघाल्या असल्यामुळें ती संग्राहकांस अपरिचित नाहीं. तिच्या चित्रसूचींतील ऐतिहासिक व्यक्तींमध्यें नांवानिशीं आलेली स्त्री एकच. ती म्हणजे भाग १६ च्या आरंभीं टिपू सुलतानासमवेत आलेली झांशीची राणी लक्ष्मीबाई.

विधिमंडळांतील राखीव जागांचीं कलमें याच भागांत आहेत. २०२३ सालच्या १०६ व्या दुरुस्तीनें स्त्रियांकरितां एकतृतीयांश जागा राखणारीं ३३०-अ व ३३२-अ हीं कलमेंही तेथेंच घातलीं. यावरून चित्रकारास भविष्य दिसलें होतें असें कोणी म्हणूं लागल्यास तो निव्वळ काकतालीय न्याय होय. चित्रांचा क्रम मोहेंजोदडोपासून साधारण कालानुक्रमें चालतो. शिवाजी महाराज व गुरु गोविंदसिंग १५ व्या भागीं, दांडीयात्रा १७ व्या. इंग्रजांशीं झुंजणाऱ्यांची पाळी मध्यें आली, इतकेंच.

चित्रसूचींतील मथळाही ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाचाच आहे. १८५३-५४ सालीं दत्तकाचा हक्क मांडीत गव्हर्नर-जनरलाकडे खलिते धाडणारी राणी त्यांत नाहीं. आमच्या मतें राजकारणी स्त्री म्हणून तिची योग्यता त्या खलित्यांतच अधिक दिसते. तलवार सर्वांसच ठाऊक आहे.

मूळ १६ व्या भागांत स्त्रियांचा उल्लेख नाहीं, यावरून त्यांस राखीव जागा 'नाकारल्या' असें लिहिणें मात्र पुराव्यास सोडून आहे. स्त्रीसंघटनेनें राखीव जागा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधींच मागितले नाहींत, मागणें न्यायाचें आहे, असें हंसा मेहता यांनीं १९ डिसेंबर १९४६ रोजीं घटनासमितींत सांगितलें. रेणुका राय यांनींही जुलै १९४७ मध्यें राखीव जागांस विरोधच केला. हा पक्ष व्यवहारांत कितपत टिकला, हें २०१९ च्या निवडणुकीवरून दिसतें. ५४३ जागांच्या लोकसभेंत त्या वेळीं ७८ स्त्रिया निवडून आल्या, व तोंवरचा उच्चांक तोच होता.

राहतां राहिल्या प्रतीच्या शेवटच्या, २४ जानेवारी १९५० रोजींच्या सह्या. त्या मोजून समितींत स्त्रिया किती होत्या हें ठरवूं पाहणारा फसेल. एकंदर १५ स्त्रिया सभासद झाल्या. परंतु सरोजिनी नायडू २ मार्च १९४९ रोजीं निवर्तल्या, आणि कांहींनीं त्यापूर्वींच सभासदत्व सोडलें होतें. प्रतिकृति बाळगणाऱ्यांनीं तिच्याशेजारीं घटनासमितीच्या चर्चेचे छापील खंड अवश्य ठेवावे.