तंबाखूचा गंध आणि अत्तराची प्रतिष्ठा

जुन्नर-आंबेगाव परिसरात तंबाखूचा वास मनात राहतो तो तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीचा. हा ठसका सुशिक्षितांना ग्राम्य वाटतो. मात्र तंबाखूचेच नाव महागड्या अत्तराच्या बाटलीवर आले की ती अभिरुचीची खूण ठरते. या विरोधाभासाचा विचार सौंदर्यशास्त्राच्या अंगाने व्हावयास हवा.

कॅरों या फ्रेंच संस्थेचे 'ताबा ब्लों' (१९१९) हे अत्तर सिगारेट ओढू लागलेल्या नव्या स्त्रीला समोर ठेवून आले. टॉम फोर्डच्या 'टोबॅको व्हॅनिल'मध्ये (२००७) तंबाखूला व्हॅनिला, कोको, सुकी फळे व टोंका बी यांची जोड आहे. टोंका बीतील कूमारिनला वाळल्या गवताचा गोडसर गंध असतो. धूर, ठसका आणि धूळ गाळून मागे उरते ती निवांतपणाची कल्पना. ग्राहक मोल देतो ते तिचे. गंधकाराचे कसब नाकारण्याचे कारण नाही. मिश्रण मोहक आहेच. आक्षेप आहे तो त्याच्या सोयीस्कर विस्मरणावर.

निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा अनुबोधपट काढला. त्यात वखारीतील धूळ आहे, काम आहे, संपाविषयी बोलणाऱ्या स्त्रिया आहेत. पडद्याला गंध नसतो; तरी तो पाहताना घसा खवखवतो. अत्तर हुंगताना असे काहीच होत नाही.