पाहणारे डोळे कुणाचे?

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरचे गाव. येथील भिल्ल स्त्री बाजारात माल पारखते, भाव करते, घरचा हिशेब सांभाळते. रुपेरी पडद्यावर मात्र आदिवासी स्त्रीला बहुधा एकच काम उरते, ते म्हणजे रानात नाचण्याचे. बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८) हा मोठ्या योग्यतेचा चित्रपट. जमीनदाराच्या अत्याचाराची चीड त्यात खरी आहे. तरीही त्यातील डोंगरकन्या आपल्याला दिसते, ती बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाच्या नजरेने.

हे दुःख आपणा ख्रिस्ती वाचकांना अपरिचित नसावे. ‘कारवाँ’मधील (१९७१) हेलनची मोनिका आठवावी, किंवा ‘ज्यूली’ची (१९७५) नायिका. ख्रिस्ती नाव म्हणजे सैल वागणूक, हे समीकरण अशाच भूमिकांनी रुजवले.

पाश्चात्त्य रंगभूमीने तर अवघ्या आशियाई स्त्रीचीच अशी बाहुली केली. पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ (१९०४) या संगीतिकेतील जपानी तरुणी अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची वाट पाहते आणि अखेर प्राण देते. डेव्हिड हेन्री ह्वांग यांनी ‘एम. बटरफ्लाय’ (१९८८) या नाटकात हा डाव उलटवला. तेथे फ्रेंच मुत्सद्दी जिच्यावर भाळतो, ती शालीन पौर्वात्य स्त्री त्याच्या कल्पनेपलीकडे अस्तित्वातच नसते.

आमच्या मते याहून थेट उत्तर धुळे-नंदुरबारच्या मातीतून आले आहे. नजूबाई गावित यांच्या ‘तृष्णा’ या आत्मकथनपर लेखनात आदिवासी स्त्री कुणाच्या नेत्रसुखासाठी उभी नाही. भूक, श्रम आणि अपमान यांतून ती स्वतःच जगाकडे पाहते व पाहिलेले सांगते. ह्वांग भ्रमाचा पडदा फाडतात. नजूबाई त्यामागील माणूस दाखवतात. दुसरे काम अधिक कठीण, असे आम्हांस वाटते.

हा न्याय आपण स्वतःलाही लावावा. धर्मग्रामाच्या सणाला ‘आदिवासी नृत्य’ म्हणून आपल्या मुलींना पानाफुलांनी नटवून आपण टाळ्या वाजवतो. खापरच्या बाजारात भाव करणारी ती बाई त्या वेळी पहिल्या रांगेत बसली असती, तर तिने त्या नाचात स्वतःला ओळखले असते काय?