मुक्काम करणारा कॅमेरा

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्याआधी दादासाहेब फाळके यांनी एक छोटी फीत तयार केली होती. वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि उगवणाऱ्या रोपाची रोज थोडी थोडी छबी टिपत ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर आणली. या चिकाटीच्या प्रयोगाकडे आज पुन्हा पाहायला हवं. माहितीपट असो, प्रवासपट असो की कल्पक लघुफीत, तिचं बळ विषयापाशी घालवलेल्या वेळात असतं. रात्री जेवणं आटोपल्यावर किंवा लोकलच्या प्रवासात आपण पूर्वी कधी नव्हे इतके असे व्हिडिओ पाहतो आहोत. टंचाई आहे ती त्यांच्यामागच्या वेळेची.

1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे पट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. त्यांतले पुष्कळसे सरकारी योजनांची भलामण करणारे होते. पण त्याच सरकारी छपराखाली एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय ॲम 20’ (1967) मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना बोलतं केलं. प्रमोद पती यांनी ‘आबिद’ (1972) मध्ये चित्रकार आबिद सुरतींना एकेका चौकटीपुरतं थांबवत टिपलं आणि जिता-जागता माणूस ॲनिमेशनमधल्या पात्रासारखा हलवून दाखवला. कल्पकतेसाठी भारी यंत्रसामग्रीपेक्षा धीर लागतो, हे ही फीत आजही शिकवते.

पुढे दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ने देशभरच्या कला-परंपरा घराघरांत पोहोचवल्या आणि प्रेक्षकांनी पोस्टकार्डांचा पाऊस पाडला. मराठीत मिलिंद गुणाजींच्या ‘भटकंती’ने अनेकांना पहिल्यांदा सह्याद्रीच्या वाटेला लावलं. आठवड्याला एकच भाग मिळायचा, म्हणून तो मन लावून पाहिला जायचा.

माहितीपटाची खरी ताकद मात्र दिसते ती दीर्घ पल्ल्याच्या कामात. आनंद पटवर्धन यांनी ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये (1985) शाहीर विलास घोगरे यांना गाताना चित्रित केलं होतं. 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. एवढ्या काळात शाहिरांची पुढची पिढी गाऊ लागली, खटले रेंगाळले, नेत्यांनी बाजू बदलल्या. हे सगळं त्या पटात उतरलं, कारण कॅमेरा तिथून हलला नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-टॉकीजबरोबर असाच वर्षानुवर्षं हिंडला. कुरकुरणारे ट्रक, गंजलेले प्रोजेक्टर आणि ते दुरुस्त करणारा कारागीर हा आपल्या गावांचा इतिहास कान महोत्सवात पोहोचला, पण जत्रेच्या गावांपर्यंत तो कितीसा आला?

आता यूट्यूबवरच्या भटकंतीकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याचे कितीतरी व्हिडिओ सापडतील. ड्रोन वर जातो, संगीताचा ठेका चढतो, ‘नमस्कार मित्रांनो’ होतं आणि उभ्या पायऱ्यांवर सगळे थांबतात. या पायऱ्या अखंड कातळात खोदलेल्या आहेत आणि बोटं रोवायला त्यांत खोबण्या आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा उद्ध्वस्त केल्या, ही वाट मात्र टिकली. खोबणीत घातलेल्या हातावर कॅमेरा क्षणभर थांबला, तर ती खोदणाऱ्याचं कसब प्रेक्षकाला कळेल. तेवढी उसंत फार थोड्या व्हिडिओंत मिळते. पायथ्याच्या पाड्यांवरची माणसं तर बहुतेकदा चौकटीबाहेरच राहतात. ज्या मराठीने गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आणि गोनीदांचं दुर्गभ्रमण वाचलं, तिने एवढ्यावर समाधान मानू नये.

आशेच्या जागाही आहेत. ‘कोकणी रानमाणूस’ या यूट्यूब वाहिनीवर देवराई, ओहोळ आणि रानभाज्या तिथेच राहणाऱ्या माणसाच्या नजरेने दिसतात, म्हणून त्या निसर्गावरची संकटंही दिसतात. ‘आपली आजी’सारख्या वाहिन्यांवर चुलीवरचा स्वयंपाक पाहताना मन रमतं, कारण तिथे गती हातातलं काम ठरवतं.

वेळेच्या टंचाईमागे पैशाचं गणित आहे. व्हिडिओ जितके जास्त आणि जितके वारंवार, तितकी कमाईची शक्यता जास्त, तेव्हा एकाच गावी वर्षभर जाणं निर्मात्याला परवडत नाही. माहितीपटाला चित्रपटगृह मिळत नाही. मुंबईत 1990 पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, पण जिल्ह्याच्या गावात असे पट एकत्र बसून पाहण्याची सोय क्वचितच असते. 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा मोलाचा ठेवा मराठी निवेदनासह शाळा-महाविद्यालयांत पोहोचायला हवा. ग्रंथालयांनी आणि फिल्म सोसायट्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ माहितीपटाला द्यावी.

आणि भटक्या निर्मात्यांनी पावसाळ्यात दाखवलेल्या धबधब्याच्या गावी वैशाखात पुन्हा जावं. तिथे पाणी कुठून येतं, ते कोण वाहतं, हे दाखवावं. असा दुसरा भाग आपण प्रेक्षकांनी शोधून, पुरता पाहावा आणि इतरांना दाखवावा. आपल्या फुरसतीला किंमत आहे. ती सवंग घाईवर उधळायची की धीराने केलेल्या कामामागे उभी करायची, हे आपल्याच हातात आहे.