संशयाला सूर किती?

फ्रेंचांच्या 'ऑपेरा कॉमिक' या नाट्यप्रकारांत संवाद बोलावयाचे आणि मधून मधून गावयाचें, अशी रीत आहे. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकास ती मुळींच परकी वाटूं नये. ग्रेत्री या संगीतकाराचें 'संशयी प्रियकर' अशा अर्थाच्या नांवाचें नाटक १७७८ सालीं व्हर्साय येथें झालें. त्याची गोष्ट सुझॅना सेंटलिव्हर या इंग्रज नाटककर्त्रीकडून घेतलेली, फ्रेंच गद्य लिहिणारा गृहस्थही जन्मानें इंग्रजच, आणि पद्यें तिसऱ्याच्याच हातचीं!

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळा'चा प्रवास नेमका उलट दिशेनें झाला. मोलिएरच्या १६६० सालच्या एकांकी प्रहसनावरून आर्थर मर्फीनें १७६१ सालीं इंग्रजी नाटक रचलें. त्यावरून देवलांनीं १८९३ सालीं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हें गद्य नाटक लिहिलें. तेंच पदांसह गंधर्व नाटक मंडळीनें १९१६ सालीं रंगभूमीवर आणलें. देवल निवर्तले तेही त्याच वर्षीं. पुरुषांना महिन्यांचीं व स्त्रियांना नक्षत्रांचीं नांवें देऊन त्यांनीं हें पाहुणें कथानक आपल्या पंचांगांत असें बसविलें कीं, मोलिएरची आठवणही होऊं नये.

परंतु आधींच पुरें झालेल्या प्रहसनांत मागाहून पदें घालणें हें धाडसच होय. संशयास धांवावयाचें असतें, आणि गाणें तर त्यास वाटेंत उभें करतें. मूर्च्छित रेवतीस फाल्गुनराव सांवरतो, तें कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, तें फाल्गुनराव पाहतो. येथें कोणी तान घेतली असती, तर सारा घोटाळा थंड पडता. देवलांनीं गाण्याचा भार मुख्यतः अश्विनशेठ-रेवती या प्रेमी जोडप्यावर टाकला आणि फाल्गुनरावाची खरी मत्ता गद्यांतच राहूं दिली. आमच्या मतें नाटक तरलें तें या विवेकानें. बालगंधर्वांच्या रेवतीशेजारीं गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाण्यावांचूनही उणा पडला नाहीं, यांतच सर्व आलें.

पुढें मात्र रसिकांनीं 'वन्स मोअर'च्या भरांत पदें तेवढीं उचललीं. नाट्यसंगीताच्या मैफलींत आम्हीं तीं अनेकदां ऐकलीं, आवडीनें ऐकलीं. पण तसबीर कोणाच्या हातीं आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. आमच्या वालूरसारख्या गांवीं तयारीचे गवई नट मिळणें कठीण. तेथील हौशी मंडळींनीं त्यासाठीं खोळंबून न राहतां १८९३ चें गद्य नाटकच बसवावें. एक चतुर फाल्गुनराव व एक तसबीर, एवढें साहित्य पुरे आहे.