जोड कुणाशी?

द्वंद्व बरोबरीच्या माणसांत होते, हे गृहीत धरल्याखेरीज द्वंद्वावरचा विनोदही उभा राहत नाही. युरोपातल्या उमरावांनी हा नियम कसोशीने पाळला. १७२६ साली पॅरिसमध्ये व्होल्तेअरला एका सरदाराने आपल्या नोकरांकरवी बदडले. व्होल्तेअर द्वंद्वाला सज्ज झाला, तेव्हा त्याची रवानगी बास्तिलच्या तुरुंगात झाली. लेखणी केवढीही मोठी असो, जन्माने तो त्या सरदाराचा भिडू नव्हता.

चार्ली चॅप्लिनचा ‘द चॅम्पियन’ (१९१५) हा छोटा मूकपट मी शिरूरला विद्यार्थ्यांना दाखवला तो याच विचाराने. भुकेला चार्ली आपल्या तोंडचा घास कुत्र्याला देतो. मुष्टियोद्ध्याच्या सरावासाठी मार खाणारी माणसे हवीत, अशी पाटी त्याला दिसते. त्याच्या आधी आत गेलेले गडी लोळागोळा होऊन बाहेर येतात. मग चार्ली वाटेत सापडलेला घोड्याचा नाल हातमोज्यात लपवतो आणि समोरच्या धिप्पाड गड्याला आडवा करतो. नालेच्या जागी मुले पोट धरून हसली. एकाने मात्र विचारले, “सर, पण त्याला आत घेतलं कसं?”

या चित्रपटाची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. चॅप्लिनने सभ्य लोकांच्या इभ्रतीची लढत भाकरीच्या बाजारात आणून बसवली आणि तिची पार रेवडी उडवली, हे खरेच. पण त्याचा विनोद सुरू होतो तो दार उघडल्यावर. तिथे भूक हाच परवाना आहे. जात विचारणारा कोणी दारात उभा नाही.

आपल्याकडे पडद्यासाठी टिपलेली पहिली लढत १८९९ची. सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. चित्रपटाच्या इतिहासकारांनी साल, जागा, कॅमेरा सगळे नोंदवले. मला मात्र ही दोन नावे अडवतात. एकाच्या नावापुढे दादा, दुसऱ्याच्या नावापुढे जातीचा धंदा. तरीही कृष्णाला मातीत उतरता आले. गावगाड्यातला न्हावी आमच्या माणसांच्या डोक्याला वस्तरा लावत नव्हता, हेही इथे लक्षात ठेवावे. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती ही. ती खालच्यालाही आणखी खालचा पुरवते.

कुस्ती तर सगळी स्पर्शाचीच. तलवारीला किंवा पिस्तुलाला मधे अंतर चालते. कुस्तीत घाम घामाला लागतो. माझ्या लहानपणी दौंड तालुक्यातल्या एका गावी जत्रेत फड भरे. हलगी आमची माणसे वाजवीत, आणि ती कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नसे. पण आमच्यातला एखादा पोरगा रेवड्यांवरच्या कुस्तीलासुद्धा पुढे झाला, तर त्याला जोड मिळत नसे. पंच दुसरीकडे बघत. कोणी मारले नाही, हाकलले नाही. नुसती जोड लागली नाही. अशा पोराने मुठीत नाल लपवून करायचे काय?

लढण्याची ताकद नव्हती म्हणावे, तर याच शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भिडली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या महार शिपायांच्या नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. या नाकाचा आणि इभ्रतीच्या नाकाचा व्युत्पत्तीने संबंध नसेल, पण मला तो शब्द तसाच वाचायला आवडतो. १८९२-९३च्या सुमारास इंग्रजांनी, लढाऊ जाती कोणत्या ते ठरवून, महारांची सैन्यभरती बंद केली. सावेदादांचा कॅमेरा फिरला तो त्यानंतर सहा-सात वर्षांनी. ज्यांच्या पूर्वजांनी तोफांपुढे छाती दिली, त्यांना आता सरकारी कागदावरही जोड उरली नव्हती.

शिरूरच्या त्या मुलाला मी कृष्णा न्हाव्याची गोष्ट सांगितली. त्याचा पुढचा प्रश्न होता, “आणि हलगी कोण वाजवत होतं?”