बोलक्या फळ्यांवरची मुकी पावलं

क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या महालात कितीही जपून पाऊल टाका, पायाखालच्या फळ्या चिवचिवतात. खालचे लोखंडी चाप खिळ्यांवर घासतात आणि पाखरू बोलल्यासारखा आवाज होतो. तोकुगावा इएयासूने १६०३मध्ये उभारलेल्या या किल्ल्यातल्या असल्या जमिनीला जपानीत ‘उगुइसुबारी’ म्हणतात. उगुइसु हा वसंताची वर्दी देणारा पक्षी. इंग्रजीने त्याचा नाइटिंगेल करून टाकला. दबक्या पावलांनी येणाऱ्या मारेकऱ्याची चुगली ही जमीन करते, अशी परंपरेने चालत आलेली समजूत. लियन हर्न यांची ‘अक्रॉस द नाइटिंगेल फ्लोअर’ (२००२) ही किशोर-तरुणांची कादंबरी याच जमिनीवर उभी आहे.

हर्न हे टोपणनाव. इंग्लंडमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या, आधीपासून मुलांसाठी लिहिणाऱ्या गिलियन रुबिनस्टाईन यांचं. त्यांनी ऋतू, रीतिरिवाज, सरंजामी मानपान जपानचे घेतले. कुळं आणि त्यांची वैरं मात्र स्वतः रचली.

डोंगरातल्या खेड्यातला तोमासू हत्येला पाप मानणाऱ्या एका गुप्त पंथात वाढलेला. इइदा सादामू या सरदाराची माणसं गाव कापून काढतात. ओतोरी कुळाचा शिगेरू मुलाला वाचवतो, ताकेओ असं नवं नाव देतो, पुढे दत्तकही घेतो. आणि इथे लेखिकेची खरी करामत दिसते. त्या धक्क्याने मुलाची वाचा जाते आणि कान विलक्षण तिखट होतात. दूरच्या खोलीतली कुजबुज, भिंतीपलीकडचा श्वास, सगळं त्याला ऐकू येऊ लागतं. ही शक्ती वडिलांकडून आलेली. ते एका गूढ जमातीतले, हत्येचा धंदा सोडलेले मारेकरी. म्हणजे आईचा धर्म सांगतो मारू नकोस, बापाचं रक्त मारण्यासाठीच घडलेलं, आणि ज्याने जीव वाचवला त्याला इइदावर सूड हवा आहे. अद्भुताचा धागा असा थेट मुलाच्या मनातल्या ओढाताणीत गुंफलेला आहे.

इइदाच्या महालात अशी बोलकी जमीन आहे, म्हणून शिगेरूने आपल्या घरातही तशीच करून घेतली आहे. ताकेओ रोज तिच्यावर चालायला शिकतो: कुठली फळी कुठे दाबली की बोलते, वजन कसं सोडायचं, श्वास कुठे धरायचा. तलवारींच्या खणखणाटापेक्षा हा सराव अधिक श्वास रोखून धरायला लावतो. वाचताना आपणही कान टवकारतो.

ताकेओची गोष्ट तो स्वतः सांगतो, काएदे या मुलीची मात्र तृतीयपुरुषी येते. काएदे लहानपणापासून ओलीस म्हणून परक्या किल्ल्यात राहिलेली. तिच्याबद्दलचे निर्णय इतरच घेतात, आणि निवेदनही तिला ‘मी’ म्हणू देत नाही. म्हणूनच शेवट इतका भेदक झाला आहे (ज्यांना तो आधी कळायला नको, त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत). ताकेओ इइदाची ती जमीन आवाज न करता ओलांडतो, पण आत पोचतो तेव्हा इइदा काएदेच्या हातून आधीच मेलेला असतो. ज्या क्षणासाठी नायक घडवला, तो लेखिकेने त्याच्या हातून अलगद काढून घेतला आहे.

उणिवाही आहेत. ताकेओ आणि काएदेचं प्रेम पहिल्याच नजरेत पेटतं. एवढ्या सबुरीच्या पुस्तकात ही घाई खटकते. अदृश्य होणं, स्वतःची प्रतिमा मागे सोडून निसटणं या शक्ती कथानकाच्या सोयीच्या वाटतात. कानाच्या शक्तीइतकी त्यांची मुळं खोल नाहीत.

तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाच्या हाती बेधडक द्यावी अशी ही कादंबरी आहे. फक्त एक करा: रात्री, घरातली सगळी निजल्यावर वाचा. पाणी प्यायला उठाल तेव्हा स्वतःचीच पावलं ऐकू येतील.